सुकरीबाईच्या सपरीचा नियम

सुकरीबाईच्या सपरीत पोरांच्या कामाला मोठ्या माणसानं हात लावायचा नाही, असा नियम होता. लावला तर ती त्या हातावर मारायची. मला मारलेलं आहे. एका पोरीनं मातीचं मडकं केलं होतं, त्याचं तोंड एका अंगाला कललं होतं. मी अंगठ्यानं ते सरळ करायला गेलो. बाईच्या हातात बांबूची काडी होती, ती फाटकन बसली.

"सोमाजीभाऊ, तुमी केलं का ते?"

"नाई."

"मंग?"

मी हात मागे घेतला. मडकं कललेलंच राहिलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती आपल्या कामात होती.

मी मूल गावच्या एका आरामशीनवर लाकूड कापण्यात उमर घालवली. कंबर गेली तेव्हा गावी परत आलो. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलाला लागून. अर्धी वस्ती आमची, धान पिकवणाऱ्यांची. अर्धी गोंडांची, ते धानही पिकवतात आणि जंगलातून मोह, तेंदूही आणतात. सुकरीबाई आत्राम माझी शेजारीण. मधे काट्यांचं कुंपण आहे, त्यातून बोलणं होतं. तिच्याबद्दल लिहायला बसलो ते रागानं. राग तिच्यावर नाही.

आजकाल पोरांच्या कलेबद्दल सगळेच बोलतात. शाळेतून प्रकल्प येतो. बाप चंद्रपूरहून थर्माकोल आणतो, आई कापते, काका रंगवतो. पोरगा बाजूला बसून मोबाईल पाहतो. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच पोराला शाबासकी मिळते आणि घरातले सगळे खूश होतात. ही चोरी आहे. पोराच्या हातातलं काम काढून घेतलं आणि वर त्यालाच बक्षीस दिलं. आरामशीनवर कुणी दुसऱ्यानं कापलेली फळी आपली म्हणून सांगितली असती तर आम्ही त्याला जेवायला सोबत बसू दिलं नसतं.

सुकरीबाई शाळेत गेली नाही. ती गडचिरोलीकडची, धानोऱ्याच्या आतल्या एका गावातली. तिच्या आईकडे दरसाल दिवाळीच्या आधी घर सारवायचं काम निघे. पांढरी माती, गेरू, शेण, धानाचा कोंडा. सुकरी लहान होती तेव्हा आईनं तिला दाराजवळचा भिंतीचा एक तुकडा दिला. दोन्ही हात पसरले की मावेल एवढा. गोंडीत म्हणाली, हा तुझा. सुकरीनं माती पातळ कालवली. ती ओघळली. वर गेरूनं मोर काढले, ते बेडकांसारखे दिसले. आलेले पाहुणे हसले. आईनं ना माती नीट केली, ना मोर. ते तसंच ठेवलं, पुढची दिवाळी येईपर्यंत. सुकरी पाणी आणायला निघाली की ते दिसे, परत आली की दिसे. कुणी बोललं तर आई म्हणे, पोरीचं आहे, राहू द्या.

पुढच्या साली सुकरीनं माती घट्ट कालवली.

शिकवणं म्हणतात ते एवढंच आहे, असं सुकरीबाई म्हणते. पोराला जागा द्यायची. जागा समोरची द्यायची, मागची नाही. त्यानं केलेलं पुसायचं नाही, सुधारायचं नाही. त्याला ते वर्षभर पाहू द्यायचं. पाहून पाहून त्याचं त्यालाच समजतं. हे सांगायला सोपं आहे. करायला कठीण, कारण मोठ्या माणसाचा हात शिवशिवतो.

लग्न होऊन ती इथं आली. नवरा इसरू बांबू कटाईला जायचा. तो लवकर गेला. मोहफुलं वेचून, तेंदूपत्ता तोडून, लोकांच्या शेतात धानाची रोवणी करून तिनं पवनला, म्हणजे तिच्या एकुलत्या पोराला, वाढवलं. पवनला आश्रमशाळेत टाकलं. घरात ती एकटी राहिली तशी शेजारची पोरं तिच्या सपरीत येऊ लागली. सपरी म्हणजे घरापुढची छप्पर घातलेली उघडी जागा. आमच्याकडे तिथं सायकल, कुदळ, ओले कपडे, शेळी, सगळं पडलेलं असतं. तिच्या सपरीत तसं नव्हतं.

तिनं एका बाजूला बांबूचा तट्टा उभा केला होता. त्यावर टोपल्या टांगलेल्या, पोराच्या छातीएवढ्या उंचीवर. एकीत कोळसा, एकीत गेरूचे खडे, एकीत पांढरी माती, एकीत बांबूच्या काड्या, एकीत करंजाच्या बिया, एकीत सावरीचा कापूस. मी मूलहून लाकडाचे तुकडे आणायचो, त्यांची टोपली सगळ्यात खाली, कारण ती जड. प्रत्येक टोपलीच्या बाहेर आतल्या वस्तूचा एक नमुना दोरीनं बांधलेला. वाचता न येणाऱ्या पोरालाही समजे काय कुठं आहे. विळा आणि चाकू वर, मागितल्यावरच मिळे. जाताना वस्तू ज्याच्या त्याच्या टोपलीत ठेवायची. न ठेवणाऱ्याला ती रागवत नसे. दुसऱ्या दिवशी तो आला की टोपलीपुढं उभी राही आणि म्हणे, "आज नाई." पोरगा दिवसभर बसून दुसऱ्यांचं काम पाही. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात आधी झाडलोट करी.

लोकांना वाटतं पोरं मोकळी सोडली की त्यांच्यातून आपोआप कला निघते. खोटं आहे. मोकळी सोडली की पोरं एकमेकांना ढेकळं मारतात. वस्तू जागेवर सापडली तर हात कामाला लागतो. आमच्या मशीनवर पाना जागेवर नसला तर पाना शोधणाऱ्याचं लक्ष जाई आणि लक्ष गेलं की बोट जाई. नीटनेटकेपणा हा कामाचा अर्धा भाग आहे. बाईला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सपरीच्या भिंतीचे तिनं कोळशानं तुकडे पाडले होते. दरेक पोराचा एक. दाराजवळचा तुकडा रीनाचा. रीना म्हणजे पवनची पोरगी, सुकरीबाईची नात.

आता पवनबद्दल. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढं मी त्याला बरंच बोलणार आहे. पोंभुर्ण्याला मोटारपंप दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे. हात साफ आहे त्याचा. बायको ललिता कामसू आहे. घरकुल मंजूर झालं तेव्हा होळीनंतर त्यानं जुनं घर पाडलं. मागच्या अंगाला टिनाचा शेड घालून सगळे त्यात राहायला गेले. सपरी गेली. टोपल्या सुकरीबाईनं स्वतः उतरवल्या आणि शेडमध्ये तट्टा बांधून परत टांगल्या.

पाया खणला त्या दिवशी मी कुंपणाशी उभा होतो. सुकरीबाईनं पवनला विचारलं, "पोरीची भित कोनती?"

"पाहू ना माय. घर तर उभं होऊ दे."

तिनं मान हलवली. तिला वाटलं, शब्द दिला. पवनला वाटलं, विषय संपला.

पोळ्याच्या आधी घर तयार झालं. खाली टाईल, वर स्लॅब, भिंतींना गुलाबी ऑईलपेंट. भिंत अशी चकचकीत की तीत तोंड दिसे. ललितानं चंद्रपूरहून रीनासाठी टेबल आणलं, त्यावर छापील चित्रांचं पुस्तक आणि रंगांचा डबा. चित्रं आधीच काढलेली, पोरीनं फक्त आत रंग भरायचा, रेघेच्या बाहेर जायचं नाही. सुकरीबाईनं दाराजवळच्या भिंतीवर तळवा फिरवला. तळवा घसरला.

"कुठी हाये पोरीची भित?"

"माय, तिले टेबल आनला ना."

"मी टेबलाचं नाई इचारलं."

"आता ह्या भितीले माती लावतो का? लोकं काय म्हनतीन? इतका खर्च करून घर बांधलं अन् आत्रामाच्या घरी पुन्ना चिखलच?"

सुकरीबाई शेडमध्ये गेली. तिथं रीना बैल करत बसली होती.

तान्हा पोळा आमच्याकडे पोरांचा सण. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून आणतात, तोरणाखाली रांग लागते, मंडळ बक्षीस देतं. पूर्वी पोरांचे बैल पोरांसारखे असत. आता बाप नागपूरहून पोराच्या उंचीएवढा बैल विकत आणतो, आई त्याला झालर शिवते, पोरगा फक्त दोरी धरतो. तीही कधी कधी बापच धरतो.

रीनाला मी शिवणीच्या लाकडाचा तुकडा दिला होता. शिवण हलकी, पोराच्या हाताला कापता येते. फक्त लाकूड दिलं. बाकी तिनं केलं. पायांना भोकं पाडताना एक पाय फुटला, तिनं तो टाकला आणि नवा केला. चाकं फांदीच्या चकत्यांची. शिंगं बांबूची. वशिंड तिनं वेगळ्या तुकड्याचं केलं आणि बसवलं ते डाव्या अंगाला पडलेलं.

मी विचारलं, "वशिंड पडलं का व?"

"पडलं नाई आबा. हेमराजकाकाच्या बांड्याचं तसंच हाये. मी पाह्यलं."

हेमराज म्हणजे पोळ्याच्या मंडळाचा मुख्य माणूस. त्याच्या म्हाताऱ्या बांड्या बैलाचं वशिंड खरंच एका बाजूला लोळलेलं आहे. मी तो बैल रोज पाहतो. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ही पोरगी त्याच्यापुढं जाऊन बसली होती, तो रवंथ करत असताना, कितीतरी वेळा. मी खाली बसून तिचा बैल परत पाहिला. मान थोडी खाली, वशिंड डावीकडे, मागचे पाय जवळजवळ. म्हातारा बैल होता तो. थकलेला. मला माझी कंबर आठवली.

पोळ्याच्या दिवशी सगळं गाव तोरणाशी गेलं. पवनकडे बैल नाहीत, तो घरीच राहिला. रीनाला म्हणाला, तुझा बैल नव्या घरात ठेवतो, शेडात शेळी पाडून टाकेल. पोरीनं दिला.

त्यानं काय केलं ते दुसऱ्या दिवशी दिसलं.

तान्ह्या पोळ्याला मैदानात रांग लागली. पवननं फडक्यात झाकून बैल आणला आणि रीनापुढं ठेवून फडकं काढलं. चांदीच्या रंगाचा बैल. वाकडं वशिंड कापून काढलेलं, त्या जागी सरळ, गोल, लुकणानं बसवलेलं नवं. पाय घासून एकसारखे. शिंगांना सोनेरी टोपणं. चाकं प्लास्टिकची, कुठल्या तरी खेळण्यातली. काम सफाईचं होतं, मी नाही म्हणत नाही. पवनचा चेहरा उजळला होता. पोरीनं आता आपल्याला मिठी मारावी, असा उभा होता.

रीनानं दोरी धरली नाही.

हेमराजनं माईकवरून पहिलं बक्षीस पुकारलं, "रीना पवन आत्राम." टाळ्या झाल्या. बक्षीस म्हणजे दप्तर आणि कंपासपेटी. पोरगी जागेवरून हलली नाही. हेमराज स्वतः तिच्यापर्यंत आला.

"घे ना बेटा. लाजतं काऊन?"

"हा माहा बैल नाई."

माईक त्याच्या हातातच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं.

"मंग कोनाचा?"

"बाबाचा. माह्या बैलाचं वशिंड पडलं होतं. तुमच्या बांड्यासारखं."

हेमराजनं माईक खाली केला. मागून कुणीतरी ओरडलं, "पवन, ये ना बे समोर, हाफ पॅन्ट घालून ये, बक्षीस घेऊन जाय." मैदान हसलं. दुसरा म्हणाला, "आमचाही बैल आमच्या बुढ्यानंच केला गा, पन आमचा पोरगा हुशार, बोलत नाई." आणखी हसले. हसणाऱ्यांत निम्मे बाप असेच होते, विकतचा बैल आणलेले. त्यांचं हसू पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोर चोराला हसत होता.

रीना दप्तर तिथंच सोडून घरी गेली. सुकरीबाई मैदानाच्या कडेला बसली होती. ती उठून नातीच्या मागं गेली.

पवन घरी आला तो पेटलेला. शेडमध्ये शिरला, तट्ट्यावरच्या टोपल्या ओढून काढल्या आणि अंगणात फेकल्या. कोळसा, गेरू, बिया, काड्या, सगळं एकात एक झालं.

"हेच शिकवलं तू तिले. बापाची इज्जत काढाले. आता बंद हे सगळं. टेबल हाये, पुस्तक हाये, तिथी बसन ती."

सुकरीबाईनं त्याला थांबवलं नाही. टोपल्याही उचलल्या नाहीत. शेळी येऊन सावरीचा कापूस हुंगून गेली. मी कुंपणापलीकडे उभा होतो. त्या टोपल्या लावायला तिला किती वर्षं लागली, मला ठाऊक आहे. मोडायला चिलीम पेटवण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही.

आता एक रीत सांगायला पाहिजे. त्यांच्या घरी नव्या घरातली पहिली चूल घरातली थोरली बाई मांडते. गॅस आहे, तो असू दे. पण नवं धान निघालं की नवं खायचा सण येतो, तेव्हा नव्या तांदळाचा भात मातीच्या चुलीवर शिजतो, आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवतात, मग माणसं खातात. चूल मांडल्याशिवाय घर हे घर होत नाही, नुसत्या भिंती. पवनचं ठरलं होतं, नवं खायचं ते नव्या घरात. नातेवाइकांना सांगून झालं होतं. हलकं, लवकर निघणारं धान पिवळं पडायला लागलं होतं.

सुकरीबाई म्हणाली, "मी चूल नाई मांडत."

पवनला आधी वाटलं, म्हातारी रुसली, उतरेल राग. राग उतरला नाही. ती शेडमध्येच स्वयंपाक करी, सगळ्यांना वाढी, कुणाशी भांडत नसे. चुलीचं नाव काढलं की म्हणे, "नाई." पवन ललिताला म्हणाला, तू मांड. सुकरीबाईनंही सुनेला सांगितलं, "मांड. मी नाई रोकत."

ललितानं माती आणली. ती कालवली. मग हात धुतले आणि नवऱ्याला म्हणाली, "मी नाई मांडत. माय जिती असतानी मी काऊन मांडू? अन् तो टेबल इकून टाका. पोरीनं त्याले एक दिस हात नाई लावला. मी रोज धूळ पुसून राह्यली त्याची."

मग पवन माझ्याकडे आला. दुपारची वेळ, मी फळीला रंधा मारत होतो. तो उंबऱ्यावर बसला.

"भाऊ, तुमी समजावा ना मायले. तुमचं ऐकते ते."

"काय समजावू?"

"मी काय वाईट केलं जी? पोरगी जितावी म्हनूनच केलं ना."

"कोन जितलं?"

मी रंधा ठेवला. मला बोलायचं होतं ते मी बोललो. म्हणालो, पोरगी त्या बैलापुढं जाऊन बसली, तिनं जे पाहिलं ते गावात कुणी पाहिलं नाही, मी नाही, बैलाच्या मालकानं नाही. तेच एक तू कापून फेकलंस. बाकीचं राहू दिलं असतंस तरी चाललं असतं. तू नेमकं तेवढंच कापलंस. आणि तुझ्या आईनं तुझं काय कापलं होतं कधी?

पवन जमिनीकडे पाहत म्हणाला, "तुमाले नाई मालूम भाऊ. आश्रमशाळेत मले मातीचा म्हनत. पँटीले नेहमी पांढऱ्या मातीचे डाग. पोट्टे पाठीवर बोटानं रेघा मारत, म्हनत, ह्याच्या घरची भित हाये ही. मी तवाच ठरवलं का माह्या घरची भित अशी करीन का तिच्यावर माशी घसरन."

हे मला माहीत नव्हतं. राग जरा बाजूला झाला, पण गेला नाही.

"त्या पोट्ट्याईचा राग हाये तुले. त्याईले जाऊन मार. पोरीच्या बैलानं काय केलं तुहं?"

तो उंबऱ्यावरून उठला. म्हणाला, "चला."

सुकरीबाई शेडबाहेर धान पाखडत होती. पवन उभा राहून बोलला.

"माय, मागची भित देतो तिले. पूर्री."

"मांगची नाई. मांग संडास हाये. पोरीचं काम काय लपवाचं हाये?"

"मंग आतमंदी एक पांढरा बोर्ड लावून देतो. पेननं काढाचं, फडक्यानं पुसाचं. भितही खराब नाई होत."

"पुसता येते?"

"हाव ना. एका मिनिटात."

"म्हनूनच नाई पायजे."

पवननं माझ्याकडे पाहिलं. मी सुपातलं धान पाहू लागलो.

"मंग कोनती पायजे?"

"दाराजवळची. तिची होती तेच."

"ऑईलपेंट हाये तिथी. माती नाई धरत."

"धराले लाव."

"छिन्नीनं खाचे पाडाले, टाचे माराले लागतीन. सगळी भित फोडा लागन. मिस्त्रीले बोलावतो."

"मिस्त्री नाई." तिनं सूप खाली ठेवलं. "रंग तू मारला. तूच काढ."

दुसऱ्या दिवशी पवन छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच्या नव्या भिंतीपुढं उभा राहिला. पहिला घाव मारायला त्याला वेळ लागला. मारला तेव्हा गुलाबी रंगाची खपली टाईलवर पडली. पंप खोलणारा माणूस, नट-बोल्टची सवय. छिन्नी किती तिरपी धरायची त्याला ठाऊक नव्हतं. हातोडी दोनदा अंगठ्यावर बसली. खालचा भाग त्यानं रागानं फोडला, तिथं टाचे खोल पडले. वर जाता जाता हात भरून आला, तिथं नुसतं ओरखडल्यासारखं झालं. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. मी उठलो, छिन्नीला हात घातला.

"सोमाजीभाऊ."

सुकरीबाईच्या हातात काडी होती.

"वरचे टाचे उथळ हाये बाई. माती सुटन."

"सुटू द्या. त्याचं काम हाये."

"तो काय पोरगा हाये का आता?"

"माहाच पोरगा हाये."

मी परत बसलो. मला राग आला होता, चुकीचं काम होताना डोळ्यांनी पाहायचं म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच. पण नियम तो नियम. पवननं ते ऐकलं होतं. तो तसाच ठोकत राहिला. संध्याकाळपर्यंत दोन्ही हात पसरले की मावेल एवढा तुकडा झाला. रीना दारात उभी राहून पाहत होती. तिनं हात पसरून माप घेतलं. आजीच्या मापाचा होता, तिला थोडा मोठा पडला.

अंगणातल्या टोपल्या मग पवननंच उचलल्या. बिया, काड्या निवडायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. पोरगी शेजारी बसून कोणती टोपली कुठं ते सांगे, पण निवडू लागली नाही. व्हरांड्यात तट्टा उभा राहिला. टेबल ललितानं त्याखाली ढकललं, त्यावर आता माझे लाकडाचे तुकडे असतात.

माती रीनानं कालवली. शेण, कोंडा, पांढरी माती. आजी फक्त बसली होती. माती वाळल्यावर पोरीनं गेरूनं त्यावर बांड्या काढला, वशिंड पडलेला. त्याची शिंगं लांब झाली, वरच्या काठापर्यंत गेली.

त्याच दिवशी सुकरीबाईनं चूल मांडली. नवं धान कांडलं, भात शिजला, देवाला दाखवला. मी पानावर बसलो. हेमराजही आला होता. दारात थांबून तो भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माहाच बैल हाये की." तान्ह्या पोळ्याचं दप्तर त्यानं सोबत आणलं होतं. रीनानं घेतलं नाही. म्हणाली, पुढच्या साली पाहू. हेमराजला ते परत न्यावं लागलं.

सण होऊन थोडे दिवस झाले आणि भिंतीचा वरचा भाग सुटला. टाचे उथळ होते, व्हायचं तेच झालं. मातीचा पापुद्रा खाली आला, बांड्याची शिंगं त्यासोबत गेली. खालून सिमेंट आणि अर्धवट खरडलेला गुलाबी रंग दिसू लागला. अगदी दारात. येणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते.

पवन छिन्नी घेऊन आला.

"ठेव ते," सुकरीबाई म्हणाली.

"माय, वरचे टाचे नीट मारून देतो. कसं दिसते ते. येनारा-जानारा पाह्यते."

"पाहू दे. तूही पाह्य. पुढच्या साली कर."

"सालभर असंच?"

"सालभर."

त्यानं पोरीकडे पाहिलं, ती तरी बाजू घेईल म्हणून. रीना बांबूची काडी तासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "खालचे टाचे चांगले पडले बाबा."

पवन आता रोज संध्याकाळी दुकानातून येतो आणि दारात बूट काढतो. काढताना मान वर करून त्या उघड्या सिमेंटकडे पाहतो. काहीतरी मनात मोजतो, छिन्नी धरल्यासारखा अंगठा वळवतो आणि आत जातो. मीही कुंपणापासून पाहतो. माझा हात अजून शिवशिवतो. सुकरीबाई व्हरांड्यात बसलेली असते आणि तिची काडी तिच्या मांडीवर असते.